गायीची भाकर

कट्.

गोळीच्या पाकिटाचा चंदेरी कागद फुटला आणि त्या एवढ्याशा आवाजानं सत्यशीलाच दचकली. दुपारचे दोन वाजून गेले होते. घर गप्प पडलं होतं. सासू दगडाबाई ओसरीवर हाताची उशी करून कलंडली होती. सासरे पारावर, नवरा बालाजी कापसाच्या रानात, सहा वर्षांची भक्ती शाळेत. दीड वर्षाचा हरिओम अर्धा तास दूध ओढून ओढून आत्ता कुठे झोळीत झोपला होता. तिनं झोळीकडे पाहिलं. हलला नाही. मग लाल गोळी जिभेवर ठेवून तिनं लिंबू पिळलेलं पाणी वरून घेतलं, पेला अलगद खाली ठेवला आणि भिंतीला पाठ टेकली.

पाच मिनिटं बसायचं, हातात काही न घेता. ना शेंगा फोडायच्या, ना उसवलेलं शिवायचं, ना मोबाइल. उपकेंद्रातल्या धम्मशीला सिस्टरनं लावून दिलेलं काम होतं ते, आणि साऱ्या दिवसातलं तेच सगळ्यात अवघड. बसलं की डोळ्यांपुढे भांडी यायची, दळण यायचं, दोरीवरचे कपडे यायचे. दगडाबाईनं नुसती कूस बदलली तरी अंग आपोआप उठायला बघायचं, चोरी करताना कुणी पाहावं तसं.

उद्या गुरुवार. उद्या बोटातलं रक्त पुन्हा तपासायचं होतं.

पोळा होऊन आठ दिवस झाले असतील, तेव्हापासूनचं हे. गल्लीत नळाला पाणी आलं होतं. कडेवर हरिओम, हातात भरलेली कळशी. डोळ्यांपुढे आधी पिवळं आलं, मग काळं. शुद्धीवर आली तेव्हा ती चिखलात बसली होती आणि पोरगं दगडाच्या कडेला आपटून टाहो फोडत होतं. जखम फार नव्हती. पण त्याच्या उजव्या भुवईवर तिरपी खूण राहिली ती राहिलीच. दूध पाजताना ती खूण बरोबर तिच्या डोळ्यांखाली यायची. तेव्हापासून ती पोराला घेऊन भिंतीच्या कडेकडेनं चालायची, एक हात भिंतीला लावून, आंधळ्या माणसासारखी. जिन्यावर त्याला न्यायचीच नाही.

त्या आठवड्यात सिस्टरनं बोटाला सुई टोचली आणि हिमोग्लोबिनचा आकडा आला सात पॉइंट चार. "बाराच्या वर पाहिजे असतं," सिस्टर म्हणाली. दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी पुन्हा सुई, आणि आकडा सात पॉइंट सहा.

"गोळ्या खाल्ल्या का तू?"

"एक बी चुकवली न्हाई, सिस्टर. साठच्या साठ."

"कशासंगं?"

"चहासंगं."

सिस्टरनं पेन खाली ठेवला. "अगं माझे बाई! साठ दिवस गोळीची अन् चहाची कुस्ती लावलीस पोटात. चहा त्या गोळीला अंगी लागूच देत न्हाई."

 सत्यशीलाच्या घरी गोळी म्हटली की चहासोबतच. सासऱ्याची बीपीची गोळी चहासोबत, दगडाबाईची गुडघ्याची चहासोबत, बालाजीला ताप आला तरी आधी चहा टाका. कोऱ्या पाण्यासोबत मळमळतं म्हणतात. आणि खरं सांगायचं तर सकाळी चहाचे दोन घोट घेताना ती जी टेकायची, तेवढंच तिचं दिवसभरातलं बसणं होतं. गोळी आठवणार कधी, तर तेव्हाच.

"सव्वा महिन्यानं परत बघू," सिस्टर म्हणाली. "आठच्या वर आलं तर इथंच गोळ्यांवर चालवू. न्हाई आलं तर परभणीला मोठ्या दवाखान्यात भरती व्हायचं. रक्त लावावं लागंल."

"किती दिवस?"

"चार-पाच तरी."

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा दगडाबाईनं जागच्या जागी निकाल दिला. "मंग पोराचं दूध तोडून टाक आधी. दवाखान्यात कोन पाजनार त्याला? अन् तसं बी ह्यो तुझंच रक्त प्यायलाय." बालाजीनं मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्यालाही माहीत नसावं.

हरिओम अजून वरचं काही धड खात नव्हता. वरणभात तोंडात घातला की थुंकायचा. आणि त्याचं ते अंगाला बिलगून पिणं, पिता पिता तिच्या मंगळसूत्राची वाटी बोटानं फिरवत राहणं, हे तिला इतक्यात सोडायचं नव्हतं. कुणाला सांगण्यासारखं कारण नव्हतं ते. पण सव्वा महिना तिच्या डोक्यात एकच आकडा बसला होता. आठ.

त्या दिवशी सिस्टरच्या खोलीत भिंतीवर तक्ता होता. निरोगी दिनचर्या. पहाटे फिरायला जा, प्राणायाम करा, पाच रंगांची फळं खा, आठ तास झोपा, मन प्रसन्न ठेवा, छंद जोपासा. खाली एका हसऱ्या बाईचं चित्र, पायात पांढरे बूट.

"हे सगळं करावं लागंल का?" सत्यशीलानं विचारलं. "फिरनं तर दिसभर व्हायलंय माझं."

"मला हसायला लावू नको. दोन पोरं हायत मला अन् सासरा अंथरुणाला खिळलाय. तक्ता काढणाऱ्याला भाकरी थापायच्या नव्हत्या, म्हणून जमलं त्याला." सिस्टरनं खुर्ची पुढे ओढली. "मी तीनच गोष्टी सांगते. चौथी विचारू नको. पोरगं दुपारी झोपतं न्हवं? त्याच्या झोपेला गोळी बांधून टाक. ते झोपलं की गोळी, लिंबाच्या पाण्यासंगं. चहा त्याच्या आसपास फिरकू द्यायचा न्हाई. गोळी झाली की पाच मिनिटं बस, काही न करता. अन् सकाळी तव्यावरची एक गरम भाकर तुझ्या पोटात गेली पाहिजे. सगळ्यांचं झाल्यावरची न्हाई. भूक लागलेली असताना, भाजीसंगं."

"पहिल्या दोन जमतील," सत्यशीला म्हणाली.

"अन् तिसरी?"

ती पांढऱ्या बुटांच्या बाईकडे बघत राहिली.

घरात तिला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. विचारलं असतं तर "खा की, कोन नको म्हनायलंय" असंच सगळे म्हणाले असते. पण सकाळी तवा तापला की आधी सासऱ्याचं ताट, मग बालाजीचं, त्याला रानात जायचं असायचं. मग भक्तीचं शाळेचं. मग दगडाबाई. तेवढ्यात हरिओम उठायचा, कुणीतरी दारात यायचं, आणि चूल विझल्यावर अकराच्या सुमाराला ती टोपल्याशी बसायची तेव्हा त्यात एक वातड भाकर आणि पातेल्याच्या बुडाला लागलेली भाजी असायची. भूक तर केव्हाच मरून गेलेली. तिची भाकर तिला हवी तेव्हा घ्यायची म्हणजे कुणाच्या तरी पुढून उचलायची. हे कुणी बोललेलं नव्हतं, आणि न बोललेल्या गोष्टीशी भांडायचं कसं, हे तिला माहीत नव्हतं.

मात्र एक भाकर अशी होती जी कुणाच्याच ताटातली नव्हती.

त्या घरात तव्यावरची पहिली भाकर गायीची. पूर्वी गोठ्यात गाय होती. दोन वर्षांमागे सासऱ्याला चारा-पाणी झेपेना म्हणून ती विकली. गोठ्यात आता जळणाच्या पऱ्हाट्या रचलेल्या. पण पहिली भाकर बाजूला निघतच राहिली, आणि ती चार घरं सोडून कडूबाईच्या गायीला जायची. न्यायचं काम भक्तीचं. मग कडूबाईची गाय व्याली, वासरापाशी कुणी गेलं की शिंगं रोखायला लागली, भक्ती भेदरली. "मी नेते," सत्यशीला म्हणाली.

पहिल्या दिवशी खरोखर नेणारच होती. भाकर पदराखाली घेऊन आधी पऱ्हाट्या काढायला गोठ्यात गेली. थंडीचे दिवस. भाकरीची ऊब पोटाला लागत होती. तिनं नुसता एक तुकडा मोडला. मग दुसरा. उभ्या उभ्या, रिकाम्या दावणीकडे तोंड करून, तिनं ती भाकर कोरडीच संपवली आणि पदरानं तोंड पुसून पऱ्हाट्यांची मोळी घेऊन बाहेर आली. दिवसभर तिला वाटत राहिलं की आपल्या कपाळावर काहीतरी लिहिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं पदराला गुळाचा खडा बांधून नेला. तिसऱ्या दिवशी कागदात शेंगदाण्याची चटणी. पहिला घास मोडण्याआधी ती दावणीपुढे हात जोडायची. तुझं फेडीन नंतर, असं काहीतरी मनात म्हणायची. महिन्याभरात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. चूल सारवताना त्या मातीचा तुकडा तोंडात टाकावासा वाटायचा, ते वाटणं कधी थांबलं कळलंच नव्हतं. आणि पाणी आणताना दम खायला ती आता वाटेतल्या कडुलिंबापाशी टेकत नव्हती.

झोळीत हरिओमनं हुंकार दिला. पाच मिनिटं झाली होती की नाही कोण जाणे. ती उठली.

चारच्या सुमाराला कडूबाई आली. दारातूनच आवाज.

"काय गं दगडाबाई, आमच्या गायीवर रुसलीस का काय?"

दगडाबाई ओसरीवर तूर निवडत होती. "कामून गं?"

"कामून म्हनजे? सव्वा महिना झाला, तुमच्याकडची भाकर न्हाई. गाय बापडी सकाळी तुमच्या गल्लीकडं मान करून हंबरायलीय. मी म्हनलं, बाळंतीण झाली म्हून तिचा रतीब तोडला का काय ह्या लोकांनी!"

सत्यशीला आत भांडी घासत होती. हातातली राख हातातच राहिली. ती काही बोलायच्या आत, नुकतीच शाळेतून आलेली भक्ती दप्तरासकट पुढे झाली.

"देतो की आमी! रोज देतो. तूच झोपलेली असतीस, कडूआजी."

"मी? झोपलेली? अगं पोरी, चारला उठून धार काढते मी!"

"मंग तू धार काढायलीस तवा देतो."

कडूबाई पोट धरून हसली. दगडाबाई हसली नाही. तिनं भक्तीकडे पाहिलं, मग आत सत्यशीलाकडे, तिच्या राखेनं भरलेल्या हातांकडे. "बघते मी," एवढंच ती कडूबाईला म्हणाली आणि पुन्हा तूर निवडू लागली.

त्या संध्याकाळी दगडाबाई बोललीच नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. भक्तीची वेणी सोडताना सत्यशीलानं हळूच विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक हाय?"

"लय दिवस झाले. तुझ्या पदराला गूळ असतो."

"खोटं बोलायचं नसतं, बाळा."

"बरं," भक्ती म्हणाली आणि फणी तिच्या हातात दिली. पोरीचा आवाज असा शहाणा, की सत्यशीलाचा हात केसांतच थांबला. आपण हिला काय शिकवलं, ह्याचा हिशेब लावायला तिच्यात त्राण नव्हतं. तिनं नुसती वेणी घातली.

सकाळी तिनं नेहमीसारखी पहिली भाकर बाजूला काढली आणि नजर वर न करता दुसरी थापायला घेतली. तेवढ्यात दगडाबाई कमरेवर हात ठेवून आली आणि पाट ओढून चुलीपाशी बसली. पहिली भाकर उचलून तिनं भक्तीच्या हातात दिली.

"कडूआजीला नेऊन दे. म्हनावं, तुमच्याच हातानं घाला गायीला."

भक्ती पळाली. तव्यावरची दुसरी भाकर टम्म फुगली होती. दगडाबाईनं ती उघड्या बोटांनी उचलली, ताटात टाकली, शेजारी हरभऱ्याची भाजी वाढली, गूळ ठेवला आणि ताट सत्यशीलापुढे सरकवलं.

"बस."

"आत्या, मामा बसलेत तिकडं..."

"बसू दे. त्यांना कुटं गाडी धरायचीय?"

पलीकडून सासरे खाकरले. दगडाबाईनं सुनेच्या हाताखालून काठवट ओढून घेतली, पिठाचा गोळा उचलला आणि थापायला लागली. चुलीतल्या जाळाकडे बघत, तूर निवडताना बोलावं तशा आवाजात म्हणाली, "अन् गोठ्यात उभ्यानं खाऊ नको. तिथली भाकर अंगी लागत न्हाई."

"आत्या, माझं चुकलं..."

"शेणाचा वास येतो तिला. बालाजी पोटात होता तवा मी महिनाभर खाल्ली."

मग पुढे काय झालं, कुणी पाहिलं का, तेव्हा दगडाबाईची सासू काय म्हणाली, हे सत्यशीलानं विचारलं नाही. दगडाबाईनंही सांगितलं नाही. भाकर गरम होती. तिनं घास मोडून भाजीला लावला.

उपकेंद्रात जाताना दगडाबाई सोबत निघाली. हरिओमला तिनं स्वतःच्या कडेवर घेतलं. "दे इकडं. तुझा काय भरवसा, पुन्हा पाडशील." टोमणा होता, पण सव्वा मैल तिनं पोराला खाली ठेवलं नाही.

सिस्टरनं बोट पुसलं, सुई टोचली. थेंब पट्टीवर गेला. यंत्रावर आकडा यायला लागतात तेवढे क्षण सत्यशीला पोराच्या भुवईवरच्या खुणेकडे बघत होती.

"आठ पॉइंट नऊ," सिस्टर म्हणाली. "परभणी टळली तुझी."

"मंग दूध तोडायचं न्हाई?" हे दगडाबाईनं विचारलं.

"कशाला तोडता आजी? नीट खाऊ घाला तिला, म्हणजे झालं. पण सत्यशीला, सोडायचं न्हाई हां. बारा व्हायला अजून चार-पाच महिने जातील. रोज गोळी, रोज भाकर, रोज बसणं."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण चार-पाच महिने म्हटल्यावर त्यातल्या सगळ्या सकाळी तिच्यापुढे एकदम येऊन उभ्या राहिल्या. रोज तीच चूल, रोज तेवढीच ताटं, आणि रोज नव्यानं स्वतःसाठी हात पुढे करायचा. गोठ्यात खाणं सोपं होतं, असं तिला वाटून गेलं.

"आजी, तुमचं बी बोट द्या, बघून घेऊ," सिस्टर म्हणाली.

दगडाबाईनं हात पदराखाली घेतला. "माझं काय बघता? मला कुटं आता लगीन करायचंय."

दुसऱ्या दिवशी दगडाबाई चुलीपाशी आली नाही. पोराला एवढं लांब वाहून तिची कंबर धरली होती. ओसरीवर पडल्या पडल्या ती नेहमीच्या आवाजात ओरडली, "चहा झाला का न्हाई अजून? माझ्या गोळीची येळ झाली!" कालची सकाळ जणू झालीच नव्हती.

पहिली भाकर बाजूला निघाली. सासरे ताटावर बसले होते. बालाजीही हात धुऊन आला, आज कापूस न्यायला टेम्पो येणार होता, त्याची घाई. दुसरी भाकर फुगली. सत्यशीलानं ती उचलली आणि तिचा हात मधेच थांबला. इकडे सासऱ्याचं ताट, तिकडे तिचं रिकामं. कुणी काही म्हटलं नव्हतं. कुणी काही म्हणणारही नव्हतं. बोटं पोळायला लागली. आणि तिचा हात, इतक्या वर्षांच्या वळणानं, सासऱ्याच्या ताटाकडे निघाला.

"आबा, थांबा!" भक्ती मधे आली. तिनं आपल्या फ्रॉकच्या घेरात ती भाकर झेलली, पोळली म्हणून नाचली आणि आईच्या ताटात टाकली. "आधी आईची. मंग तुमची."

बालाजी हसला. "बघा, नवी सासू आली घरात."

सासऱ्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "बरं बाई. तू म्हनशील तसं."

सत्यशीला बसली. भक्तीनं डब्यातून गुळाचा खडा काढून तिच्या भाकरीवर ठेवला आणि समोर उकिडवी बसून राहिली. लहान पोरानं पहिला घास घेतला का, हे आई जशी बघते तशी. आईनं घास घेतला, चावला, गिळला. तेवढं झाल्यावर भक्तीनं गुडघ्यावर हनुवटी टेकवली. दगडाबाई तिला रोज चिडवायची, काम न्हाई आलं तर नांदायला गेल्यावर काय करशील म्हणून. त्यातलंच काहीतरी तिच्या डोक्यात फिरत असावं. तिनं भाकरीकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, मी नांदायला गेल्यावर माझी भाकर कोन काढून ठेवंल गं?"